पालथं पडून पाहिलेलं गाव

इटलीच्या समुद्रकाठी एक लहानसं गाव आहे. उन्हाळ्यात तिथे माणसं पोहायला येतात आणि हिवाळ्यात सगळं बंद असतं. त्या गावाची मला खडान्‌खडा माहिती आहे. कुठली गल्ली कुठे निघते, कुठल्या घराला कुठला रंग आहे, देवळातली मूर्ती कुठून आली, सगळं सांगतो. फक्त मी तिथे एकदाही गेलेलो नाही.

गावाचं नाव इथे लिहीत नाही. मी ते उच्चारलं की मुलगी फोनवर हसायला लागते आणि जावई नम्रपणे दुसरीकडे बघतो. वसईच्या आमच्या फ्लॅटमध्ये त्याला नुसतं ‘ते गाव’ म्हणतात.

आमची एकुलती एक मुलगी त्या गावात नांदते. जहाजावर हॉटेलचं काम करत असताना तिथल्या मुलाशी तिचं जमलं. त्याच्या आईचं तिकडे बारा खोल्यांचं हॉटेल आहे. लग्न वसईला झालं तेव्हा विहीणबाई आल्या होत्या. वसईजवळच्या सांडोरच्या हिरव्यागार वाडीतली केळी त्यांना इतकी आवडली की जेवणाच्या पंगतीत त्यांनी दुसरं काही घेतलंच नाही. माझ्या बायकोने त्या दिवशीच त्यांना पास करून टाकलं.

पुढे मुलीला दिवस गेले आणि घरात पेच पडला. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. पण तिथल्या डॉक्टरांनी तिला विमानात बसायला मनाई केली होती. म्हणजे आईनेच तिकडे जायचं. मुलगी म्हणाली, “आई, तू आलीस की मला काहीच नको.” आई म्हणाली, “बघते.” आमच्या घरात ‘बघते’ याचा अर्थ नाही असा होतो.

इथे बायकोबद्दल थोडं सांगायला हवं. तिचं माहेर वसईतलंच, खाडीकाठचं भातशेती करणारं गाव. मी कोकणातून मुंबईला नोकरीला आलेला आणि फ्लॅट स्वस्त म्हणून वसईत टेकलेला. आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होऊन गेली, पण तिची भाषा तिच्या गावाचीच राहिली आणि रस्तेही. वसईतल्या गल्ल्या तिला डोळे मिटून येतात. वसईच्या बाहेर मात्र ती एकटी पाऊल टाकत नाही. लग्नानंतर पहिल्याच वर्षी ती दादरच्या बाजारात माझ्यापासून चुकली होती. तीन तासांनी सापडली तेव्हा एका फुलवालीच्या शेजारी बसून तिला हार ओवू लागत होती. तेव्हा आम्ही हसलो. ती हसली नव्हती, हे मला फार उशिरा कळलं.

“तिथे मना कोन वळखतं?” ती म्हणाली. “हरवले तर कोनाला विचारू?”

“मी आहे ना बरोबर,” मी म्हणालो.

“दादरला पन तुमीच होता.”

मी वेगळी वाट धरली. विहीणबाईंनी पर्यटकांना देतात ती इंग्रजी पुस्तिका आणि गावाचा मोठा घडीचा नकाशा पाठवला होता. बायकोला त्या गावाची ओळख करून द्यायची, म्हणजे भीती जाईल, असं मी ठरवलं. नोकरीची सगळी वर्षं मी आवक-जावक विभागात काढली. पत्ते वाचणं आणि कागद योग्य ठिकाणी पोचवणं एवढं एकच काम मला येतं. रोज संध्याकाळी चहानंतर मी पुस्तिका उघडायचो आणि इतिहासापासून सुरुवात करायचो.

“फार पूर्वी तिथे नुसतं बेट होतं. आतल्या शहरांवर हल्ले व्हायला लागले तशी माणसं जीव वाचवायला पळून इकडे आली आणि राहिली.”

“म्हनजे बाहेरूनच आले,” ती कोथिंबीर निवडत म्हणाली. “तुमच्यासारखे.”

“मग व्हेनिसची सत्ता आली.”

“आपल्याकडे पोर्तुगीज. जहाजातून कोनी ना कोनी येतोच.”

मग मी प्रेक्षणीय स्थळांकडे वळलो. पहिलं म्हणजे घंटांचा मनोरा. हजार वर्षांचा, चक्क गोल, चर्चच्या शेजारी पण चर्चला न चिकटता एकटा उभा. मी पुस्तिकेतला फोटो तिच्यापुढे धरला.

“आपली टाकी,” ती म्हणाली. सोसायटीच्या मागे पाण्याची उंच टाकी आहे, तिच्याबद्दल हे चाललं होतं.

“टाकी काय? हजार वर्षांचा मनोरा आहे!”

“वरती पानी हाय?”

“घंटा आहे.”

“मग घंटेची टाकी.”

समुद्राच्या कडेला बंधारा आहे. त्याच्या दगडांवर शिल्पकार येऊन एकेक आकृती कोरून जातात. हे मला फार आवडलं होतं. तिने विचारलं की बंधाऱ्याला भेग गेली तर कोरलेलं काय उपयोगाचं. रंगीत घरांचा फोटो दाखवला तर म्हणाली, किल्ल्याच्या वाटेवर आहेत की अशी. किल्ला म्हटलं की विषयच संपायचा. आमचा किल्ला त्यांच्या अख्ख्या गावाहून मोठा आहे. पंधरा दिवस मी त्या गावाची बाजू मांडली आणि पंधराही दिवस वसई जिंकली.

एकाच गोष्टीपुढे तिने वसई काढली नाही. बंधाऱ्याच्या टोकाला, अगदी पाण्यात घुसल्यासारखं एक छोटं चर्च आहे, पण आमच्या बोलण्यात ते देऊळच. पूर्वी कोळ्यांना समुद्रात उजेड दिसला. जाऊन बघतात तर माउलीची मूर्ती संगमरवराच्या दगडावर तरंगत येतेय. मोठ्या माणसांनी जोर लावला, मूर्ती हलेना. मग लहान मुलांनी उचलली आणि देवळात नेऊन ठेवली. अशी तिथली कथा आहे. बायकोने कोथिंबिरीची जुडी खाली ठेवून हात जोडले.

“दर्यावर माउली हाय ना? मग पोरगी एकटी नाय,” ती म्हणाली. पण स्वतः जायचं नाव काढेना.

शेवटी काम केलं ते मासळीने. पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मासळी बाजाराची माहिती होती, आणि ती मी वाचायचा कंटाळा करत होतो. त्या गावातला लिलाव कानात होतो. घेणारा माणूस लिलाववाल्याच्या कानाशी जाऊन आपला भाव पुटपुटतो. सगळ्यांचं ऐकून झालं की तो कोणाला मासळी मिळाली ते जाहीर करतो. दुसऱ्याने काय भाव सांगितला ते कोणालाच कळत नाही.

बायकोचा हात थांबला. दोन शेजारणींबरोबर पहाटे वसईच्या पाचूबंदरला, कोळ्यांच्या धक्क्यावर जाऊन लिलावात मासळीची पाटी धरायची आणि तिघींत वाटून घ्यायची, हा तिचा कित्येक वर्षांचा नेम आहे. तिथे बायका अशा आवाजात बोली लावतात की उभ्या होडीतला माणूस दचकावा. माझी बायको त्यात कमी नाही.

“कानात?”

“कानात.”

“मंग बाकीच्यांना कसा कळनार?”

“नाहीच कळत. तीच तर गंमत.”

“ही गंमत नाय, ही लबाडी हाय,” ती उठून उभी राहिली. “आपली पोरगी तिथे मासे घेते? ती तर भाजीवाल्याला पन थँक्यू म्हनते. काढा तिकिटं.”

मनोरा, बंधारा, व्हेनिस, सगळे बाजूला राहिले आणि लबाडीच्या ओढीने ती इटलीला निघाली.

तयारी सुरू झाली. डिंकाचे लाडू, अळीव, मेथी, बाळंतशोपा, बाळाला गुंडाळायला जुन्या मऊ साड्यांच्या दुपट्यांची थप्पी. मुलगी फोनवर रोज विचारायची की किती दिवस राहिले, आणि आई बोटं मोजून सांगायची. प्रवासाला आठ-नऊ दिवस असताना मी सकाळी उठलो तर उजव्या डोळ्यापुढे काळा पडदा. डॉक्टर म्हणाले, आतला पडदा सुटलाय, आजच ऑपरेशन. त्यांनी पडदा जागेवर बसवला आणि तो दाबून धरायला डोळ्यात वायूचा बुडबुडा भरला. बुडबुडा विरेपर्यंत विमानात पाय ठेवायचा नाही. शिवाय पंधरा दिवस तोंड खाली करून राहायचं. जेवताना, बसताना, झोपताना, मान जमिनीकडे.

मी पलंगावर पालथा, डोकं कडेच्या बाहेर, नजर फरशीवर. बायकोने तिथूनच मुलीला फोन लावला.

“बाबांना असं टाकून मी कशी येऊ? आणि एकटी... नाय जमनार गं.”

मुलगी रडेल असं मला वाटलं होतं. ती रडली नाही. “ठीक आहे आई. मी करेन मॅनेज. सासूबाई आहेत ना.” एवढंच म्हणाली, आणि बाबांनी मान खाली ठेवली आहे ना ते विचारलं.

लहानपणी गुडघा फुटला की ती अशीच ठीक आहे म्हणायची आणि मग न्हाणीघरात जाऊन नळ सोडायची. बायकोने फोन ठेवला. मला तिचा चेहरा दिसत नव्हता, फरशीवरचे पाय तेवढे दिसत होते. ते पाय कपाटाकडे गेले आणि परत आले. माझ्या नाकाखाली फरशीवर तिने तो नकाशा पसरला आणि समोर मांडी घातली.

“मना रस्ते शिकवा. मनोरे नकोत. घरातून निघून घरात कसं यायचं ते शिकवा.”

पुढचे आठ दिवस आम्ही ते गाव घोकलं. मला नाहीतरी फरशीशिवाय दुसरं काही बघायचं नव्हतं. नावं तिला नको होती, म्हणून आम्ही आमची दिली. गोल मनोरा म्हणजे टाकी. मासळी बाजार म्हणजे पाचूबंदर. जुन्या गावातली मुलीची गल्ली म्हणजे सांडोर, कारण तिथली दोन घरं हिरवी आहेत. नव्या हॉटेलांचा भाग हिवाळ्यात शटर पाडून बसतो, म्हणून तो इकडची गोदामांची सातिवली. देवळाला माउली. एका डोळ्याने बघत मी विचारायचो, “पाचूबंदरहून निघालीस, आता?” ती बोट फिरवत सांगायची, “टाकी बघत चालायचं. टाकीपासून डावीकडे सांडोर. तिसरं दार.” एकदा तिने उत्तर चुकवलं आणि सातिवलीत जाऊन पोचली. मी हसलो. या वेळी तीही हसली.

तिकडच्या विमानतळावर जावई घ्यायला येणार होता. निघाली त्या दिवशी मला तिचे पायच दिसले. साडीखाली नवे पांढरे बूट, मुलीच्या सांगण्यावरून घेतलेले, नाड्या तिसऱ्यांदा बांधलेल्या. पाय दारापर्यंत गेले, थांबले, परत येऊन माझ्या उशीशी उभे राहिले.

“मान वर करू नका,” ती म्हणाली, आणि गेली.

मला सांभाळायला विरारहून धाकटी बहीण आली होती. तिला मी ताटात खाली मान घालून जेवतो याचं फार वाईट वाटायचं, म्हणून ती स्वतःही जमिनीवर बसून मला धीर द्यायची आणि माझ्या वाटणीचं लोणचं खायची.

इटलीच्या बातम्या चार दिवस चांगल्या आल्या. विहीणबाईंनी लाडू चाखले आणि दुसरा मागितला. “समुद्र हाय पन मानूस नाय,” बायको म्हणाली, “सगळं गाव कुलूप लावून गेलंय.” मनोऱ्यावर गेलीस का? नाही. कोरलेले दगड पाहिलेस का? वेळ नाही. पाचूबंदरला मात्र दुसऱ्याच दिवशी जावयाबरोबर जाऊन आली होती. मुलीनेच ते हसत हसत सांगितलं. सगळे दबक्या पावलांनी लिलाववाल्याच्या कानाशी लागताहेत, सगळीकडे शांतता, आणि आमच्या हिने मागून खणखणीत मराठीत आरोळी दिली, “दहा!” लिलाव थांबला. मग म्हणे सगळा बाजार हसला आणि एका म्हाताऱ्याने तिच्या पिशवीत दोन मासे टाकले. त्यानंतर ती वाट ओळखीची झाली म्हणून एकटी जायला लागली.

पाचव्या दिवशी, आमच्याकडे साडेअकराच्या सुमारास, म्हणजे तिकडे सकाळी सातला, मुलीचा फोन आला. बहिणीने तो फरशीवर नकाशाशेजारी ठेवला.

“बाबा, कळा सुरू झाल्यात. दोन आठवडे आधीच. आई कुठे आहे? फोन उचलत नाही.”

“पाचूबंदरला असेल,” मी म्हणालो.

“हॉस्पिटल शेजारच्या गावात आहे. सासूबाईंनी गाडी काढलीय. हा शोधायला गेलाय, पण बाहेर इतकं धुकं आहे की हात दिसत नाही.” तिचा श्वास लागला होता. “आई आल्याशिवाय मी गाडीत बसणार नाही, बाबा.”

या वेळी ती ठीक आहे म्हणाली नाही. तिला गाडीत बसायला सांगतोय तोच दुसरा फोन वाजायला लागला. बायकोचा.

“अवो, मी हरवले.” आवाज एवढासा. हरवल्याचं तिला मुलीला सांगायचं नव्हतं, म्हणून तिने हजारो मैलांवर पालथ्या पडलेल्या माणसाला फोन लावला होता. “टाकीच दिसत नाय. सगळा पांढरा झालाय. विचारायला कुत्रा पन नाय.”

“घाबरू नकोस. पोरीला कळा येताहेत. मी तुला घरी नेतो.”

हे मी कशाच्या जोरावर म्हटलं, देव जाणे. आपण कुठे आहोत ते फोनवरून पाठवता येतं म्हणतात, पण ते आम्हा दोघांनाही येत नाही. माझ्याकडे फरशीवरचा नकाशा होता आणि एक डोळा.

इकडे बहिणीने ‘पाचूबंदर’, ‘धुकं’ आणि ‘वहिनी हरवली’ एवढं ऐकून खिडकीतून खालच्या रिक्षावाल्याला हाक मारली आणि त्याला किल्ल्याच्या बाजूला पिटाळलं. घाईत तिला इटलीचा विसर पडला. तो बिचारा लख्ख उन्हात पाचूबंदरभर धुक्यात हरवलेली बाई शोधून आला आणि दुपारी विचारत होता की कुठलं धुकं.

“समुद्राचा आवाज कुठल्या कानात येतोय?” मी विचारलं.

“थांबा.” चार पावलं वाजली. “उजव्या.”

“पायाखाली काय आहे? हाताला काही लागतं का?”

“फरशी हाय. बाजूला मोठे दगड. ह्याला काहीतरी कोरलंय.”

“हात फिरव. काय आहे?”

“बाई हाय. केस मोकळे.” ती थांबली. “अगं बाई, हिला पाय नाय. माशाचा शेपूट हाय.”

ते पान मला पाठ होतं. मत्स्यकन्या बंधाऱ्याच्या अगदी टोकाजवळ. म्हणजे ती घराकडे पाठ करून थेट माउलीच्या देवळाकडे चालली होती.

“मागे फिर. आता समुद्र डाव्या कानात आला पाहिजे.”

“आला.”

“तो तिथेच ठेव आणि चाल. उजव्या हाताने भिंत धर. दगड संपले की उजवीकडे पहिली गल्ली.”

ती चालायला लागली. मला तिचे बूट ऐकू येत होते, आणि अधूनमधून ‘माउली, माउली’. मी नकाशावर बोट ठेवून तिच्याबरोबर सरकत होतो. बोट जरा पुढे गेलं की मागे घ्यायचो.

“ही मासळी टाकू का? पळता येत नाय,” ती म्हणाली.

“टाक!”

दोन पावलं गेली. “नाय टाकत. पोरीसाठी घेतलीय.”

गल्ली सापडली. गल्लीच्या तोंडाशी चौक, चौकात चर्च. आता खरी पंचाईत होती, कारण चौकात भिंत नव्हती आणि तिथून पाच वाटा फुटत होत्या.

“हात पुढे कर आणि सरळ चाल. काहीतरी लागेपर्यंत.”

कितीतरी वेळ नुसते बूट. मग ते थांबले.

“भिंत लागली. थंडगार. अवो... ही गोल हाय.”

“टाकी!” मी ओरडलो. बहिणीच्या हातातून वाटी पडली.

“टाकीपासून डावीकडे,” ती माझ्या आधीच म्हणाली, आणि पळाली. मासळीची पिशवी तिच्या पायावर आपटत होती. एक दार, दोन, तीन. गाडीच्या इंजिनाचा आवाज, आणि त्यावरून मुलीचा आवाज, एकच शब्द, “आई!”

“आले गं, आले. बस गाडीत. चल.”

फोन बंद करायचं कोणाला सुचलं नाही. तो पिशवीत मासळीबरोबर गाडीत बसला. विहीणबाई इटालियनमध्ये बोलत होत्या, आमची ही वसईच्या बोलीत, दोघी एकाच वेळी, आणि दोघींचं एकमत दिसत होतं. मग आवाज गेला.

संध्याकाळच्या सुमारास फोटो आला. बहिणीने फोन माझ्या तोंडाखाली फरशीवर, नकाशाच्या वर ठेवला. आजीच्या जुन्या साडीच्या दुपट्यात गुंडाळलेली इवलीशी मुलगी, शेजारी दमलेली माझी मुलगी, आणि तिच्या डोक्यावर बायकोचा हात. बायकोचा चेहरा फोटोत अर्धाच आला होता. फोटोखाली बोललेला निरोप होता, मोठ्या मुश्किलीने धाडलेला. “मी नाय हरवले,” एवढंच.

डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आतून येणाऱ्या पाण्याबद्दल ते काही बोलले नव्हते. बहिणीने फोन उचलला. मी पालथा असल्यामुळे थेंब गालावरून ओघळला नाही. सरळ खाली नकाशावर पडला, टाकीच्या जरा डावीकडे.